उपेक्षित घोड्यांचे पुनर्वसन : स्वयंसेवक व देणगीदार यांची भूमिका (नाशिकच्या संदर्भात)

नाशिक रोड स्थानकावरून पंचवटीकडे जाणारे यात्रेकरू एकेकाळी टांग्याने जात असत. रिक्षा आल्या आणि टांगे मागे पडले. आज शहरात घोडा दिसतो तो मुख्यतः वरातीत. लग्नसराई संपली, की त्याला पोसणे मालकास जड जाते.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या कलम 11 नुसार जनावर उपाशी ठेवणे वा वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र 10 ते 50 रुपये; तेवढ्यात घोड्याचा एका दिवसाचा चाराही होत नाही. साहजिकच हा भार समाजावर येतो.

येथे दयाळू माणसांच्या हातूनही एक चूक घडते. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या घोड्यापुढे एकदम धान्य वा गूळ ठेवल्यास रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्याने घटून तो दगावू शकतो. पशुवैद्याच्या देखरेखीखाली सुमारे अर्धा किलो लसूणघास दर चार तासांनी द्यावा आणि दहा दिवसांत प्रमाण हळूहळू वाढवावे, अशी रीत आहे. चार तासांनी म्हणजे रात्रीही! ही पाळी पैशाने होत नाही. तेथे माणूसच लागतो.

देणगीदाराचे काम त्यानंतर सुरू होते. प्रकृती सुधारण्यास काही महिने लागतात, खुरे दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावी लागतात आणि घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. त्यामुळे सुटकेच्या दिवशी मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा दरमहा येणारी लहान रक्कम, प्रस्तुत लेखिकेच्या मते, अधिक मोलाची ठरते.