आज्ञावलीची मांडणी व तपासणी : आर भाषेतील एक उदाहरण

सांख्यिकीच्या आर या भाषेत ओळीच्या आरंभी सोडलेल्या मोकळ्या जागेला संगणक अर्थ देत नाही. ती वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असते. म्हणूनच ती फसवूही शकते.

समजा, प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण तपासताना ‘35 हून कमी असल्यास’ अशी अट लिहिली. तिच्याखाली ‘निकाल अनुत्तीर्ण’ आणि ‘अनुत्तीर्णांच्या संख्येत एक मिळवा’ या दोन ओळी सारख्याच आत सरकवल्या. महिरपी कंस मात्र घातला नाही. अशा वेळी पहिलीच ओळ अटीच्या अधीन राहते. दुसरी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी अमलात येते व सारेच अनुत्तीर्ण मोजले जातात. त्रुटीचा संदेश येत नाही; उत्तर तेवढे चुकते.

आरस्टुडिओ या संपादकात तो भाग निवडून कंट्रोल व आय या कळा एकत्र दाबाव्यात. भाषेच्या नियमांनुसार ओळी पुन्हा मांडल्या जातात, दुसरी ओळ अटीच्या रेषेत बाहेर येते आणि चूक डोळ्यांना दिसते. आज्ञावली लांब असल्यास फलनाच्या नावावर एफ 2 दाबून त्याच्या व्याख्येपाशी जाता येते. उत्तर स्वीकारण्यापूर्वी अशी तपासणी करण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी.