तागाचे वस्त्र टाकून पळालेला तरुण

येशूला पकडले तो प्रसंग मार्कने फार घाईने सांगितला आहे. जैतुनाच्या डोंगरावरचे गेथशेमाने, वल्हांडणाच्या सणातली रात्र, तलवारी आणि सोटे घेतलेला जमाव. यहूदा चुंबन घेऊन खूण पटवतो, जवळ उभ्या असलेल्यांपैकी एकजण तलवार उपसून प्रमुख याजकाच्या चाकराचा कान छाटतो, येशू दोन वाक्ये बोलतो आणि सगळे त्याला सोडून पळून जातात. प्रसंग इथे संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या दोन ओव्यांत (मार्क १४:५१-५२) एक तरुण येतो. उघड्या अंगावर केवळ तागाचे वस्त्र पांघरून तो येशूच्या मागे चाललेला असतो. लोक त्याला धरतात, तो वस्त्र त्यांच्या हातात सोडून नागवा पळून जातो. त्याचे नाव मार्क सांगत नाही. तो कुठून आला, अशा अवस्थेत का आला, पुढे त्याचे काय झाले, याबद्दलही एक अक्षर नाही. कथा लगेच प्रमुख याजकाच्या वाड्याकडे वळते.

पहिल्या शतकांपासून वाचकांचा प्रश्न एकच राहिला: हा कोण? प्राचीन भाष्यकारांपैकी काहींनी तो जब्दीचा मुलगा योहान मानला, तर काहींनी प्रभूचा भाऊ याकोब. आधुनिक काळात सर्वांत लोकप्रिय झालेले उत्तर म्हणजे हा खुद्द मार्क. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थिओडोर त्सान या जर्मन अभ्यासकाने ते नेटाने मांडले आणि पुढे असंख्य प्रवचनांतून ते रूढ झाले. त्याला आधार असा: ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात यरुशलेममधल्या एका घराचा उल्लेख आहे. ते मार्क म्हणवणाऱ्या योहानाची आई मरीया हिचे घर, आणि तिथे शिष्य प्रार्थनेला जमत. शेवटचे भोजन याच घरी झाले असेल, झोपेतून उठलेला मुलगा अंगावरच्या पांघरुणानिशी मंडळींच्या मागे गेला असेल, आणि पुढे लिहिताना त्याने आपली खूण एका कोपऱ्यात ठेवली असेल, अशी ही साखळी. ती मोहक आहे, पण तिची प्रत्येक कडी ‘असेल’वर टांगलेली आहे. भोजन त्या घरी झाले असे कोणतेही शुभवर्तमान सांगत नाही. उलट दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा ख्रिस्ती लेखक पापियास, ज्याचे म्हणणे पुढे मंडळीचा इतिहासकार युसेबियसने नोंदवून ठेवले आहे, स्पष्ट सांगतो की मार्कने प्रभूला ऐकले नव्हते आणि तो त्याच्या मागेही गेला नव्हता. पापियासच्या सगळ्याच गोष्टी खऱ्या मानाव्यात असे नाही. पण मार्कबद्दलची सर्वांत जुनी साक्ष या तर्काच्या विरुद्ध जाते, हे नजरेआड करता येत नाही.

माझ्या मते इथे चूक उत्तरांची नसून प्रश्नाची आहे. नाव देणे उपयोगाचे असते तिथे मार्क नाव देतो. यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी बार्तीमय, तोही तीमयाचा मुलगा म्हणून ओळखीसकट येतो. क्रूस वाहायला लावलेल्या शिमोनाचे गाव कुरेने, आणि त्याच्या आलेक्सांद्र व रूफ या मुलांची नावेसुद्धा तो देतो. वाचकांना ते माहीत असावेत, म्हणूनच. असा लेखक या तरुणाला ‘कोणीएक’ म्हणून सोडतो, तेव्हा ते विस्मरण मानणे कठीण आहे. गेर्ड थायसन या अभ्यासकाने यावर वजनदार आक्षेप घेतला. ही आठवण फार जुनी आहे, आणि कान छाटणारा व हा तरुण या दोघांनीही अटकेला विरोध केल्यामुळे त्यांना धोका होता, म्हणून यरुशलेमच्या मंडळीने त्यांची नावे लपवली, असे त्याचे म्हणणे. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बऱ्याच नंतर, कान छाटणारा पेत्र होता हे उघड होते. ही गोष्ट थायसनच्या बाजूने जाते. तरीही या स्पष्टीकरणातून फक्त मौन उलगडते, कथन नाही. ज्याला झाकायचे त्याचा प्रसंगच गाळणे सर्वांत सोपे होते. नाव झाकून नागवेपण आणि वस्त्राचा कापडासकट तपशील का ठेवला? घटना घडली असेल, मी तिला कल्पित म्हणत नाही. पण घडलेल्या असंख्य गोष्टींतून हीच का निवडली, याचे उत्तर त्या तरुणाच्या वंशावळीत सापडणार नाही. ते मार्कच्या पुस्तकातच शोधावे लागेल.

त्या पुस्तकात शिष्य होणे म्हणजे दोन क्रिया: सोडणे आणि मागे जाणे. गालील समुद्राकाठी शिमोन आणि अंद्रिया जाळी सोडून येशूच्या मागे जातात. दहाव्या अध्यायात पेत्र अभिमानाने म्हणतो की आम्ही सगळे सोडून तुझ्या मागे आलो. त्याच अध्यायाच्या शेवटी बार्तीमय अंगावरचे वस्त्र टाकून येशूकडे धावतो, त्याला दृष्टी मिळते आणि तो वाटेने त्याच्या मागे चालू लागतो. आता गेथशेमाने पाहा. जाळी सोडताना जी क्रिया आली तीच इथे पुन्हा येते, पण या वेळी शिष्य सोडतात ते येशूला. उरतो हा तरुण. तो अजून मागे चालतो आहे. आणि त्याला पकडण्यासाठी मार्कने तीच क्रिया वापरली आहे जी काही ओळी आधी येशूला पकडताना आली. म्हणजे गुरूच्या वाट्याला आले ते याच्याही वाट्याला यायच्या बेतात आहे. त्या क्षणी तो वस्त्र टाकतो, बार्तीमयासारखेच, पण उलट दिशेने पळण्यासाठी. सगळे सोडून मागे येणाऱ्यांच्या कथेत हा सगळे सोडून दूर जाणारा, अंगावरच्या शेवटच्या चिंधीसकट. लगेच पुढे पेत्र ‘दुरून’ मागे येतो आणि शेकोटीशी बसून तीन वेळा नाकारतो. मरावे लागले तरी नाकारणार नाही असे पेत्र काही वेळापूर्वीच म्हणाला होता, आणि मार्क आवर्जून सांगतो की बाकीचेही सगळे तसेच म्हणाले. पळालेल्यांची सामूहिक लाज या एका अनाम देहावर दिसावी, म्हणून तो तिथे आहे.

यापेक्षा सोपे स्पष्टीकरण म्हणून आमोस संदेष्ट्याकडे बोट दाखवले जाते. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातल्या या संदेष्ट्याने म्हटले होते की त्या दिवशी वीरांतला धीट वीरही उघडा पळेल. मार्कने हे वचन डोक्यात ठेवून प्रसंग रचला, असे काही अभ्यासक मानतात. आमोसचा प्रतिध्वनी मला मान्य आहे. पण आमोसमध्ये तरुण नाही आणि तागाचे वस्त्रही नाही. पोटीफरच्या बायकोच्या हातात वस्त्र टाकून निसटलेल्या योसेफाची आठवणही काहींना होते. मात्र योसेफ पापापासून पळाला आणि हा गुरूपासून. हे धागे असतील तर पार्श्वभूमीत आहेत. मार्कला जे दाखवायचे आहे ते या वस्त्रात आहे, म्हणून मी तिथे थांबतो.

तागाच्या वस्त्रासाठी मार्कने वापरलेला ‘सिंदोन’ हा ग्रीक शब्द त्याच्या पुस्तकात या प्रसंगाखेरीज एकाच ठिकाणी येतो: पंधराव्या अध्यायात, अरिमथाईकर योसेफ येशूचे प्रेत ज्यात गुंडाळतो तिथे. ‘तरुण’ हा शब्दही मार्कमध्ये इथे आणि आणखी एकाच ठिकाणी आहे: सोळाव्या अध्यायात, रिकाम्या कबरेत उजव्या बाजूला बसलेला, पांढरा झगा पांघरलेला तरुण. ‘पांघरलेला’ हे रूपही दोन्हीकडे तेच. मधल्या अध्यायात काय घडते? सैनिक येशूला जांभळे वस्त्र घालतात, काढतात, त्याचे कपडे पुन्हा चढवतात, शेवटी तेही उतरवून चिठ्ठ्या टाकून वाटून घेतात. निसटलेल्याने मागे टाकले त्याच प्रकारचे कापड, न निसटलेल्याच्या अंगावर प्रेतवस्त्र म्हणून येते. तरुणाने चुकवलेली अटक येशूने शेवटपर्यंत भोगली, हे मार्क एका वाक्यातही म्हणत नाही. कापड मात्र ते सांगते.

यावर आक्षेप रास्त आहेत. सिंदोन हा दुर्मीळ शब्द नव्हता. हिरोडोटसने इजिप्तमधल्या प्रेतांना गुंडाळायच्या पट्ट्यांबद्दल लिहितानाही तो वापरला आहे. शिवाय मार्क स्वतः सांगतो की योसेफाने कापड विकत आणले, म्हणजे ते त्या तरुणाचे नव्हे. पांढऱ्या झग्यातला तरुण हा देवदूत आहे, मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात देवदूत तरुणांच्या रूपात येतातच. मग दोघांचा संबंध कशाला जोडायचा? हे सगळे मी मान्य करतो आणि तरी म्हणतो की माझा मुद्दा हलत नाही, कारण दोन्ही कापडे किंवा दोन्ही तरुण एकच आहेत असा माझा दावा नाही. एक पळाला, दुसरा कबरेत बसला, ते समोरासमोर उभे राहावेत अशी मार्कची मांडणी आहे, एवढेच मला म्हणायचे आहे. याचा भक्कम पुरावा मत्तय आणि लूक यांच्याकडे आहे. दोघांनी मार्कचा मजकूर हाताशी ठेवून लिहिले, हे आज बहुतेक अभ्यासक मानतात. मत्तयात तर मार्कचा नव्वद टक्क्यांच्या आसपास मजकूर उतरला आहे. दोघांनीही गेथशेमानेतला तरुण गाळला. आणि दोघांच्याही कबरेत तरुण उरला नाही: मत्तयात विजेसारखा देवदूत आला, लूकमध्ये लखलखीत वस्त्रांतले दोन पुरुष. प्रेताचे तागाचे कापड मात्र दोघांनी ठेवले. जोडीतला एक काढला की दुसऱ्याला तरुण ठेवण्याचे कारण उरत नाही.

आणखी दोन वाटांचा थोडक्यात उल्लेख करतो. रॉबिन स्क्रॉग्ज आणि केंट ग्रॉफ यांनी १९७३ साली या प्रसंगात बाप्तिस्मा पाहिला: जुने वस्त्र उतरवायचे, नागव्याने पाण्यात उतरायचे, पांढरे वस्त्र घालून वर यायचे. पण अशा विधीची सविस्तर वर्णने मार्कनंतर बऱ्याच काळाने मिळतात, आणि घाबरून पळणे हे दीक्षेचे चित्र म्हणून मला पटत नाही. त्याच १९७३ साली मॉर्टन स्मिथ यांनी मार साबा मठात १९५८ मध्ये सापडल्याचे सांगितलेले पत्र प्रसिद्ध केले. त्यात उद्धृत केलेल्या ‘गुप्त मार्क’ या मार्कच्या शुभवर्तमानाच्या वेगळ्या आवृत्तीत उघड्या अंगावर ताग पांघरून रात्री येशूकडे येणारा एक तरुण आहे. पत्र खरे की बनावट, हा वाद अजून मिटलेला नाही आणि मूळ हस्तलिखित आज कोणाला तपासता येत नाही. अशा पायावर मी काही उभारणार नाही.

हे सगळे कोणासाठी? मार्कचे शुभवर्तमान साधारण इसवी सन ७०च्या आगेमागे लिहिले गेले. त्याआधी ६४ साली रोमच्या आगीनंतर नीरोने ख्रिस्ती लोकांना पकडले, आणि टॅसिटस लिहितो की आधी पकडलेल्यांच्या सांगण्यावरून पुढच्यांना धरले. सुमारे ११२ साली प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की चौकशीत काहीजण म्हणाले, आम्ही पूर्वी ख्रिस्ती होतो, आता नाही. मार्क रोममध्ये लिहीत होता की अन्यत्र, यावर मतभेद आहेत. पण अटक, भीती आणि पाठ फिरवणे हे या मंडळ्यांचे जगणे होते. पळालेल्याला परत घ्यायचे का, हा प्रश्न त्यांच्यासाठी शेजारच्या घरातला होता. म्हणून पांढऱ्या झग्यातला तरुण काय बोलतो ते महत्त्वाचे. तो स्त्रियांना सांगतो की जाऊन त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा, तो तुमच्या आधी गालीलात जात आहे, त्याने सांगितल्याप्रमाणे. हे येशूने सांगितले होते केव्हा? गेथशेमानेच्या वाटेवर, तुम्ही सगळे अडखळाल असे म्हटल्यानंतर लगेच. म्हणजे निरोप नेमका त्या रात्री पळालेल्यांसाठी आहे, आणि नाकारणाऱ्याचे नाव त्यात वेगळे घेतले आहे. तो एका तरुणाच्या तोंडून यावा, हे मार्कने ठरवले.

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड आहे. निरोप पोहोचत नाही. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीत स्त्रियाही थरथरत कबरेतून पळून जातात, त्याच क्रियेने जिने तो तरुण पळाला, आणि भीतीमुळे कोणाला काही सांगत नाहीत. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन आणि सायनाय या दोन्ही मोठ्या हस्तलिखितांत मार्क इथेच थांबतो. मग पळालेल्यांना परत घेण्याची कथा इथे आहे असे कसे म्हणायचे? माझे उत्तर असे की निरोप स्त्रियांकडून पोहोचला नाही असे वाचणाऱ्या मंडळीच्या हातात तो निरोप त्याच क्षणी असतो, आणि त्या मंडळीत पळालेले बसलेले असतात. नंतरच्या लेखनिकांना हा शेवट सोसला नाही. त्यांनी दर्शने, आज्ञा आणि स्वर्गारोहण जोडून बारा ओव्यांचा शेवट पुढे लावला. मत्तय-लूकांनी तरुण गाळला, भाष्यकारांनी त्याला नाव दिले, लेखनिकांनी स्त्रियांचे पळणे झाकले. मार्कने मात्र तिन्ही ठिकाणी पळणाऱ्यांना पळताना तसेच राहू दिले.