कोपाच्या मुलांचं सायबर कौशल्य मोजायचं कसं?

आयटीआयमधला कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट, हा एक वर्षाचा ट्रेड. त्यात सायबर सुरक्षाही शिकवतात. समजा, त्यातून कौशल्य येतं का, हा तुमचा संशोधन-प्रश्न आहे. फिशिंगची व्याख्या विचारू नका. ती पाठ होते. बरेच जण मग 20 फसवे मेसेज देतात आणि किती ओळखले ते मोजतात. घोळ इथेच आहे. ज्याने डोळे झाकून सगळीकडे 'फसवा' लिहिलं, त्याला 20 पैकी 20!

आता चिखली तालुक्यातलं अमडापूर डोळ्यांसमोर आणा. कोपा झालेला मुलगा सेवा केंद्रात बसलाय. शेतकरी मोबाइल पुढे करतो: पीएम किसानची ई-केवायसी करा, असा मेसेज आहे. सोबत एपीके फाइल असेल आणि ती टाकून घेतली, तर खातं रिकामं होऊ शकतं. पण मेसेज खरा असताना 'सोडा काका, फसवा आहे' म्हटलं, तर 2000 रुपयांचा हप्ता अडकू शकतो.

म्हणून 10 खरे, 10 फसवे मिसळा आणि दोन आकडे वेगळे ठेवा: फसवे किती पकडले, खरे किती उगाच अडवले. सिग्नल डिटेक्शन थिअरीचा पाया हाच. उदाहरणादाखल, शिकवण्याआधी 5 आणि 2, नंतर 9 आणि 7 आले असं धरा. पकड वाढलेली दिसते, पण खरं-खोटं वेगळं करणं सुधारलेलं नाही. संशय तेवढा वाढलाय.

चाचणी शक्यतो मोबाइलवरच घ्या. कागदावर लिंक कुठे जाते ते तपासता येत नाही.