कॅबिनेट करंट मारतो, आणि बळी जातो एसएमपीएसचा

"कॅबिनेटला करंट येतोय, एसएमपीएस बदलून टाका." कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही, आणि पावसाळ्यात तर असा दिवस जात नाही. शाळेची लॅब, पतसंस्थेचं काउंटर, झेरॉक्सचं दुकान, तक्रार सगळीकडे तीच: पेनड्राइव्ह लावायला मागे हात घातला की पत्र्यातून झिणझिण्या येतात. टेक्निशियन येतो, टेस्टर टेकवतो, टेस्टरमधला दिवा लागतो आणि निदान तिथेच संपतं. जुना एसएमपीएस पिशवीत जातो, नवा कॅबिनेटमध्ये बसतो, बिल टेबलावर येतं.

यातली खरी पंचाईत अशी की त्यानंतर झिणझिण्या पुष्कळदा थांबतात. ग्राहक खूश, टेक्निशियनही खूश. मग "दोष एसएमपीएसचा नव्हता" असं सांगणारा माणूस मूर्ख ठरतो. तरीही सांगतो, कारण दोष एसएमपीएसचा नव्हता.

आधी एसएमपीएसच्या तोंडाशी काय असतं ते पाहू. आत आलेली २३० व्होल्टची एसी तो आधी डीसी करतो; शिखर व्होल्टेज धरलं तर ती साधारण ३२५ व्होल्ट होते. मग ही डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून जाते आणि १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार होतात. इतक्या वेगानं चालू-बंद होणारं सर्किट गोंगाट करणारच. तो गोंगाट परत घरातल्या वायरिंगमध्ये शिरला तर शेजारचा रेडिओ खरखरतो. म्हणून तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एक एक्स कपॅसिटर, वेटोळ्यांची एक चोक, आणि दोन वाय कपॅसिटर. बहुतेक वेळा हे दोन निळ्या चकत्यांसारखे दिसतात. एक फेजपासून बॉडीपर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीपर्यंत.

बरोबर वाचलंत. चांगल्या एसएमपीएसमध्ये फेज आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यामध्ये कंपनीनं स्वतःच्या हातानं एक कपॅसिटर जोडलेला असतो. हा ढिसाळपणा नाही. वाय कपॅसिटरसाठी आयईसी ६०३८४-१४ हे वेगळं मानक आहे, वाय-२ वर्गाच्या कपॅसिटरला ५,००० व्होल्टच्या झटक्याची चाचणी पास व्हावी लागते, आणि बिघडला तर तो शॉर्ट न होता उघडा पडावा अशीच त्याची रचना असते. फक्त एक अट आहे: पत्रा अर्थला जोडलेला हवा. मग गोंगाट अर्थमध्ये निघून जातो आणि हात लावणाऱ्याला काहीच कळत नाही.

आता अर्थ काढून घ्या. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये दोन सारखे कपॅसिटर एकापुढे एक उरले आणि त्यांच्या बरोबर मध्यावर कॅबिनेट. २३० चं निम्मं ११५. अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेट आणि खऱ्या अर्थच्या मध्ये डिजिटल मल्टिमीटर लावून बघा, ११०-११५ च्या आसपास आकडा येतो. एसएमपीएस कोऱ्या करकरीत खोक्यातून काढलेला असला तरी येतो. कॉम्प्युटर बंद असला तरी येतो, कारण हे कपॅसिटर समोरच्या बटणाच्या कितीतरी अलीकडे असतात. "बंद आहे तरी मारतो" या तक्रारीचं उत्तर एवढंच आहे.

हा करंट किती? ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. हिशेब केला तर सुमारे ०.३४ मिलिअँपिअर. माणसाला करंट जाणवायला लागतो तो साधारण अर्ध्या मिलिअँपिअरला, असं आयईसी ६०४७९ सांगतं. म्हणजे एकट्या कॅबिनेटचा करंट जाणिवेच्या उंबरठ्याशी आहे. पत्र्याच्या धारदार कडेला हाताची पाठ ओझरती लागली, खाली ओली फरशी असली, जोडीला तीन पिनांचा मॉनिटर आणि प्रिंटर त्याच बोर्डावर असले, की उंबरठा ओलांडला जातो. म्हणूनच या तक्रारी पावसाळ्यात वाढतात. परवानगी किती? कॉम्प्युटरसारख्या उपकरणांसाठीचं पूर्वीचं आयईसी ६०९५० आणि त्यावर बेतलेलं आपलं आयएस १३२५२, दोन्ही मानकं अर्थ-पिनच्या प्लगवर चालणाऱ्या उपकरणाला साडेतीन मिलिअँपिअरपर्यंत लीकेज चालवून घेतात. ते चालवून घेतात कारण त्यांनी अर्थ गृहीत धरलेला आहे. आपण तो गृहीतच धरतो, तपासत नाही.

आणि टेस्टर? निऑनचा टेस्टर पेटायला मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका करंट पुरतो. तो पेटला म्हणजे फेज बॉडीला चिकटला, हा निष्कर्ष टेस्टरनं काढलेला नाही, आपण काढलाय.

मग एसएमपीएस बदलल्यावर झिणझिण्या का थांबल्या? स्वस्तातला एसएमपीएस उघडून बघा (प्लग काढून, आणि बराच वेळ थांबून, आतला मोठा कपॅसिटर त्याचे ३२५ व्होल्ट लगेच सोडत नाही). बोर्डावर फिल्टरची जागा छापलेली असते, चोकच्या जागी दोन जंपर, वाय कपॅसिटरच्या जागी नुसती भोकं. दहा-वीस रुपये वाचवले. फिल्टरच नाही, त्यामुळे पत्र्यावर व्होल्टेजही नाही. म्हणजे ग्राहकाचा चांगला एसएमपीएस काढला, निकृष्ट बसवला, आणि निकृष्टपणामुळे तक्रार मिटली! दोष सापडला म्हणून सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. आगीचा बंब बोलावण्याऐवजी धुराची घंटाच काढून टाकण्यातला हा प्रकार आहे. घरात अर्थ नाही ही गोष्ट तशीच राहिली, आणि उद्या फ्रिजमध्ये किंवा गीझरमध्ये खरोखर फेज बॉडीला लागला तर ती कळायला झिणझिण्याही उरल्या नाहीत.

लॅबमध्ये मामला आणखी गंभीर होतो. वीस कॉम्प्युटर, एकाला एक लावलेले स्पाइक बस्टर, आणि भिंतीतल्या सॉकेटची अर्थ-पिन मागे कशालाच जोडलेली नाही. एक्स्टेंशन बोर्डातल्या अर्थच्या वायरीनं वीसही कॅबिनेट एकमेकांना जोडली गेली, पण जमिनीला कुणीच जोडलेलं नाही. लीकेजची बेरीज होते: वीस गुणिले ०.३४, जवळपास सात मिलिअँपिअर. स्नायू आखडून हात सुटेनासा होण्याची पातळी पाच ते दहाच्या दरम्यान येते. इथे झिणझिण्या हा शब्द पुरत नाही, आणि समोर बसलेली मुलं अनवाणी असतात कारण चपला दाराबाहेर काढायचा नियम असतो. अशा लॅबमध्ये एसएमपीएस बदलत बसलेला माणूस पाहिला की मला राग आवरत नाही.

अर्थ गेलेला कुठे असतो? जुन्या वाड्यांत, चाळींत लाकडी पट्टीवरून दोनच वायरी आलेल्या असतात. तीन पिनांचं सॉकेट नंतर कुणीतरी बसवलेलं, तिसरं भोक शोभेचं. कुठे थ्री-पिनचं टू-पिन करणारा कन्व्हर्टर लावलेला असतो. कुठे प्लगची जाड पिन पक्कडीनं तोडलेली असते, "सॉकेटमध्ये जात नव्हती" म्हणून. ती पिन जाड आणि लांब का असते ते तोडणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं: प्लग घालताना अर्थ सगळ्यांत आधी लागावा आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावा. कुठे खड्डा आहे, कोळसा-मीठ आहे, पण कित्येक उन्हाळ्यांत त्यात तांब्याभर पाणी पडलेलं नाही आणि पट्टी गंजून तुटली आहे.

उपाय म्हणून जे केलं जातं ते मूळ आजारापेक्षा वाईट. नळाला वायर बांधणं: निम्म्या घरांत नळ आता पीव्हीसीचा आहे, आणि लोखंडी असेल तर तुमचा करंट वरच्या मजल्यावर अंघोळ करणाऱ्याकडे पाठवताय. गॅसच्या पाइपला बांधणारेही भेटतात. पण सगळ्यांत घातक म्हणजे सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ छोट्या वायरीनं जोडणं. झिणझिण्या तत्क्षणी जातात, कारण पत्रा न्यूट्रलला बांधला गेला. मग कधीतरी मागे न्यूट्रल तुटतो, किंवा बोर्ड दुरुस्त करणारा फेज-न्यूट्रल उलटे लावतो, आणि कॅबिनेटवर ११५ च्या नव्हे, पूर्ण २३० व्होल्टचा फेज उभा राहतो. आता मध्ये कपॅसिटर नाही. हा शॉक जीव घेतो.

तपासायची पद्धत अवघड नाही. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, असं असेल तर ठीक. न्यूट्रल-अर्थ लोडवरही ठार शून्य आलं तर खूश होऊ नका, सॉकेट उघडा. आत ती जोडवायर असण्याची शक्यता आहे. नुसता मल्टिमीटर मात्र फसवतो. केसाएवढ्या तारेनं टिकून असलेला अर्थही मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून फेज आणि अर्थच्या मध्ये शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावून बघायचा. पूर्ण उजेड पडला तर अर्थ करंट वाहू शकतो. त्याआधी त्या लाइनवरची सगळी उपकरणं प्लगमधून काढा. अर्थ तुटलेला असेल तर बल्बमधून फेज त्या अर्थच्या वायरीत जाईल आणि जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर पोचेल. लाइनवर आरसीसीबी (अर्थकडे जाणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावताच तो पडेल, आणि त्याचं पडणं हाच अर्थ असल्याचा पुरावा.

एसएमपीएस खरोखर दोषी कधी? मीटरजवळच्या चांगल्या अर्थपासून लांब वायर आणा, ती आणि कॅबिनेट यांच्यामध्ये एक छोटा बल्ब लावा. वाय कपॅसिटरचाच करंट असेल तर बल्ब लागत नाही आणि व्होल्टेज कोसळून जवळपास शून्यावर येतं. बल्ब पेटला तर फेज बॉडीला आहे. मग खुशाल बदला. अर्थिंग धड असतं तर असा एसएमपीएस फ्यूज उडवून किंवा एमसीबी पाडून स्वतःच बोलला असता.

एक उलटी तक्रारही येते. अर्थिंग नीट करून घेतलं आणि पन्नास कॉम्प्युटरच्या लॅबचा आरसीसीबी अधूनमधून पडायला लागला. पन्नास गुणिले ०.३४ म्हणजे सतरा. तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला पंधराच्या पुढे कधीही पडायची मुभा असते. लॅब दोन-तीन सर्किटांत विभागा. आरसीसीबी काढून टाकणारे महाभाग आहेत, त्यांच्याविषयी इथे लिहिण्याजोगं काही नाही.

अर्थिंगचं मानक आयएस ३०४३ आहे. ते टेक्निशियननं पाठ करायची गरज नाही, पण ग्राहकाला "इलेक्ट्रिशियन बोलवा" हे सांगायची हिंमत हवी. अडचण कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे. एसएमपीएस बदलला की बिल होतं, अर्थिंग तपासलं की चहा मिळतो. तपासणीचे पैसे लावा.

एसएमपीएसचाच विषय निघालाय तर त्याच्या नावावर खपणारे आणखी दोन-तीन समज. मोठ्या वॅटच्या एसएमपीएसनं वीजबिल वाढत नाही. लेबलावरचा आकडा तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते सांगतो, मीटर फिरतं ते मशिन प्रत्यक्ष मागतं तेवढं आणि वर एसएमपीएसमध्ये वाया जातं तेवढं. ६०० व्हीएचा यूपीएस ६०० वॅट देत नाही. घरगुती यूपीएसच्या मागचं बारीक अक्षर वाचा, बहुधा ३६० वॅट लिहिलेलं सापडेल. समोरचं बटण दाबून बंद केलेल्या मशिनमध्ये वीज नसते हा समज १९९५ पूर्वी चालून गेला असता, तेव्हाच्या एटी कॅबिनेटमध्ये त्या बटणातून खरोखर मेन्स जायचा. इंटेलच्या एटीएक्सपासून ते बटण मदरबोर्डला नुसता निरोप देतं आणि जांभळ्या वायरीवर पाच व्होल्ट उभेच असतात, तेव्हा रॅम काढण्याआधी प्लग काढा.

एसएमपीएसच्या बाहेरही असे समज आहेतच. रॅम दुप्पट केली की मशिन दुप्पट पळतं? टास्क मॅनेजर उघडा. आठ जीबीतली चारच वापरात असेल तर सोळा टाकून पैसे तेवढे जातील. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला म्हणून विंडोज हळू होत नाही, घड्याळ मागे जातं, आणि तारीख चुकल्यामुळे बँकेची साइट उघडेनाशी होते. आणि एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते ती फसवणूक नव्हे: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. एकावर बारा शून्यं मांडा आणि १०२४ नं तीनदा भागा. हा भागाकार ग्राहकासमोर कॅल्क्युलेटरवर करून दाखवा. दुकानदाराशी भांडायला निघालेला माणूस खुर्चीत परत बसतो.