परसातील गवती चहा

घरी पाहुणा आला की पाण्याच्या तांब्यामागोमाग चहाचा कप पुढे येतो, आणि मग आवडीनिवडीची बोलणी सुरू होतात. कोणाला दुधाचा दाट चहा लागतो, कोणाला कोरा. कोणी गुळाचा मागतो, कोणी आले ठेचून घालावयास सांगतो. अशा वेळी घरातील मूल परसात धावते आणि चार हिरव्या पाती तोडून आणते. ही पात म्हणजेच गवती चहा. नावात चहा असला तरी या गवताचा आणि चहाच्या झाडाचा काहीही संबंध नाही. हा भेद ध्यानी घेतल्यास कोणता कप केव्हा प्यावा हे ठरविणे सोपे जाते.

दोन वेगळ्या वनस्पती

बाजारात मिळणारी चहाची पूड ही चहाच्या झुडुपाची कोवळी पाने प्रक्रिया करून तयार केलेली असते. या झुडुपास आम्लधर्मी जमीन व वर्षभर विभागून पडणारा पाऊस लागतो. त्यामुळे आसाम, दार्जिलिंग, निलगिरी अशा भागांत त्याचे मळे आहेत. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते वाढत नाही. चहा हे आपल्या खेड्यांचे फार जुने पेयही नव्हे. १९०३ साली निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसविण्यात आला व त्या निधीतून चहाचा प्रचार करण्यात आला. पुढील काही दशकांत हे पेय घरोघरी पोचले.

गवती चहा हे बहुवर्षायू गवत आहे. त्याच्या पातीत सुगंधी तेल असते. त्या तेलातील सिट्रल या द्रव्यामुळे लिंबासारखा वास येतो. चहाच्या पुडीत असलेले कॅफीन हे उत्तेजक द्रव्य गवती चहात नाही. म्हणून रात्री झोप न लागणाऱ्यांनी संध्याकाळनंतर पूड न घालता नुसत्या पातीचा चहा घेणे हितावह आहे.

चहा आणि जेवण

चहाच्या पुडीतील तुरट द्रव्ये भाकरी, डाळ व पालेभाजी यांतील लोहाशी संयोग पावतात. त्यामुळे ते लोह शरीरात पुरेसे शोषले जात नाही. सकाळी चहाबरोबर भाकरी वा चपाती खाण्याची आणि जेवण उरकताच चहा घेण्याची पद्धत सर्वत्र आढळते. या पद्धतीमुळे चांगल्या अन्नातील लोहही वाया जाते. हा प्रश्न किरकोळ नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळून आला. चहा हे त्याचे एकमेव कारण नव्हे. परंतु विनाखर्च दूर करता येण्याजोग्या कारणांपैकी ते एक निश्चित आहे.

यास्तव जेवण व चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर कधीही घेऊ नयेत. जेवणात लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू असल्यास लोह अधिक शोषले जाते. गवती चहादेखील दोन जेवणांच्या मधल्या वेळीच घ्यावा. जेवताना साधे पाणीच उत्तम. लहान मुलांना चहाची सवय लावू नये.

लागवड

एका कुटुंबास तीन-चार ठोंब पुरेसे होतात. पाण्याचा निचरा होणारी, भरपूर ऊन मिळणारी जागा निवडावी. पावसाळ्याच्या आरंभी जुन्या ठोंबाचे मुळांसह फुटवे वेगळे करावेत. त्यांचे शेंडे छाटून दोन फुटांच्या अंतराने लावावेत. खड्ड्यात कुजलेले शेणखत मिसळावे. उन्हाळ्यात पाणी द्यावे, मात्र बुडाशी ते साचू देऊ नये. साबण व धुण्याच्या पुडीचे पाणी सतत मिळेल अशा मोरीच्या तोंडाशी लागवड टाळावी.

तीन-चार महिन्यांनी पहिली कापणी करता येते. जमिनीपासून सुमारे अर्धी वीत वर विळ्याने पात कापावी. पातीची कड धारदार असल्याने मुलांना जपावे. वाळलेली पात वेळोवेळी काढावी, कारण दाट ठोंबाच्या बुडाशी उंदीर व साप आडोसा घेऊ शकतात. गवती चहा लावल्याने साप किंवा डास येत नाहीत, या समजुतीवर विसंबू नये. चार-पाच वर्षांनी ठोंब उपटून नव्याने लावावेत.

ज्या बांधावर पिकावरील औषध-फवारणीचे तुषार येतात, तेथील पात चहासाठी वापरू नये. खानदेशात आढळणारे रोशा गवतही सुगंधी असते. त्याचा वास गुलाबाच्या जवळचा असतो. पात बोटांत चुरगाळून लिंबाचा वास येतो किंवा नाही, हे पाहावे. ओळख पटली नाही तर ते गवत पोटात घेऊ नये.

करण्याची रीत

सुगंधी तेल उडून जाणारे असल्याने पात फार वेळ उकळू नये. दोन कप पाण्यास उकळी आल्यावर तीन-चार पातींचे तुकडे त्यात टाकावेत. एक उकळी येताच भांडे उतरवून पाच मिनिटे झाकून ठेवावे. आले, तुळस किंवा वेलदोडा आवडीप्रमाणे घालावा. गुळाचा चहा करताना दूध नासू नये म्हणून भांडे उतरवून मगच दूध घालावे. जादा पात सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

सर्दी-पडशात या गरम पेयाने बरे वाटते. पण ते औषध नव्हे. ताप उतरत नसल्यास दवाखाना गाठावा. गरोदर स्त्रियांनी याचे कडक काढे घेऊ नयेत.

तेलासाठी मोठ्या क्षेत्रावर लागवड करावयाची असल्यास ऊर्ध्वपातनाची सोय व खरेदीदार आधी निश्चित करावा. जवळपास ही सोय नसेल, तर एवढी पात विकणे अवघड होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्याच्या आरंभी महिला मंडळाच्या बैठकीत फुटव्यांचे वाटप करावे. ज्या घरी जुना ठोंब आहे, त्या घराने शेजारच्या दोन घरांना फुटवे द्यावेत. फुटवा हाती देतानाच जेवण व चहा यांतील अंतराची गोष्टही सांगावी. कारण परसात गवत वाढले आणि जेवणानंतरचा कप मात्र तसाच राहिला, तर या लागवडीचा अर्धाच लाभ पदरात पडेल.