बंगळुरूत जुनं घर घेताय? आधी तुळयांची टोकं बघा

1898 च्या प्लेगनंतर मल्लेश्वरम, बसवनगुडीत लोकवस्ती झपाट्याने वाढली. तिथली जुनी घरं मला फार आवडतात. लाल ऑक्साइडची थंडगार जमीन आणि मद्रास छत, म्हणजे लाकडी तुळयांवर विटा नि चुना! मात्र तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथेच ओल धरते, वाळवी लागते. ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर जाणत्या सुताराला दाखवा. शक्यतो भर पावसात जा, रंगाखालची ओल तेव्हा लपत नाही.

कागदांपैकी 'खाता' ही करासाठीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. बोजाच्या दाखल्यातही फक्त नोंदणीकृत व्यवहार दिसतात, म्हणून मूळ खरेदीखतं वकिलाकडून तपासून घ्याच. शेजारून राजकालुवे, म्हणजे पावसाळी पाण्याचा जुना नाला, जातो का तेही पाहा. या शहरात पाण्याच्या जागेवरही बांधकामं झाली आहेत; मॅजेस्टिकचं बसस्थानकसुद्धा धर्मांबुधी तलावाच्या जागेवर उभं आहे.