लग्नसराईतले अत्तर

भगिनींनो, मुलीचा बस्ता बांधायला कर्जतच्या बाजारात गेलात, की अत्तराची कुपीही घ्यालच. दुकानदाराने बूच उघडून नाकाशी धरले म्हणून लगेच पैसे काढू नका. मनगटावर थेंब लावून घ्या, बाजार उरका, तासाभराने हुंगा. उरेल तो वास खरा. खाज सुटली तर ती कुपी नकोच.

उत्तर प्रदेशात कनौजला जुन्या रीतीने फुलांची वाफ चंदनतेलात उतरवतात. असे अस्सल मोगऱ्याचे अत्तर महागच. स्वस्त कुपीत बहुधा कृत्रिम वास असतो.

वैशाखाच्या घामात हिना डोके उठवतो, तो थंडीतला. उन्हाळ्यात मोगरा किंवा वाळा बरा. शालूवर मात्र थेंब नको, तेलाचा डाग सहजी निघत नाही. कानामागे लावा, नाहीतर आजोबांसारखा कानात फाया ठेवा.